खोक्यात कापूस भरला, बास गेला कुठे?

मागच्या अंकात ६ इंची वूफर (खालच्या सुरांचा) आणि १ इंची डोम ट्विटर (वरच्या सुरांचा) घेऊन टू-वे स्पीकरची जोडी घरी कशी बांधायची, ते दिलं होतं. त्यावर आलेली बरीच पत्रं एकाच सुरातली आहेत : 'तुम्ही सांगितलं तसंच केलं, पण आवाज जमला नाही.' त्यांतली काही इथे घेतली आहेत. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : १८ लिटरचं बंद खोकं केलं. आमच्याकडे कापूस घरचाच, म्हणून पिंजाऱ्याकडून पिंजून पाऊण किलो ठासून भरला. आता तबला पाटावर वाजवल्यासारखा येतो, डग्ग्याची गुंज नाहीच. कापूस चालत नाही का? (पारोळा)

उत्तर : कापूस चालतो, पण पाऊण किलो चालत नाही. बंद खोक्यात लिटरमागे ८ ते १६ ग्रॅम फायबर लागतं. १८ लिटरला हा हिशेब साधारण १५० ते २९० ग्रॅम होतो. तुम्ही लिटरमागे ४० ग्रॅमच्या वर गेलात. इतक्या दाट कापसातून हवेला ये-जा करताच येत नाही, आणि नेमका अनुनादाच्या (ज्या सुराला वूफर आपोआप सर्वांत जास्त हलू पाहतो, त्याच्या) आसपासचा, म्हणजे डग्ग्याच्या जागचा बास दबतो.

फायबरची कामं दोन. एक, खोक्याच्या मागच्या भिंतीवरून परत येऊन वूफरच्या कोनमधून (पुढच्या पडद्यातून) बाहेर पडणारा मधला आवाज शोषणं. दुसरं, आतल्या हवेचं तापमान दाबाबरोबर वरखाली होऊ न देणं. त्यामुळे वूफरला खोकं असतं त्यापेक्षा मोठं भासतं. कागदावर हा फायदा ४० टक्क्यांपर्यंत जातो, प्रत्यक्षात १० ते २५ टक्के मिळाला तरी पुष्कळ.

सगळा कापूस बाहेर काढा. ५०-५० ग्रॅमचे पुंजके करून मलमलीच्या पिशव्यांत भरा. सुटा कापूस वूफरच्या मागे ठेवू नका. चुंबकाच्या मधल्या भोकातून तंतू व्हॉइस कॉइलच्या फटीत गेला, की खरखर सुरू झालीच. आधी तीन पिशव्या ठेवा आणि पुरुषाचा बोलण्याचा आवाज लावा, बातम्या चालतील. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर एक पिशवी वाढवा, कोरडा वाटला तर एक काढा.

तरीही कायमचा उपाय म्हणून उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर आम्हाला जास्त पटतो. कापूस वर्षभरात बसतो, पावसाळ्यात ओल धरतो, उंदरांना आवडतो, आणि क्रॉसओव्हरचा (वूफर आणि ट्विटरमध्ये आवाज वाटून देणाऱ्या सर्किटचा) तापलेला रेझिस्टर त्याला टेकला तर धोका आहेच. घरचा कापूस गादीतच शोभतो.

प्रश्न : २० लिटरचं पोर्टवालं (हवेला नळीतून वाट ठेवलेलं) खोकं, ४५ हर्ट्झला ट्यून केलं. शेतातल्या ६३ मिमी पीव्हीसी पाइपाचा १८.५ सेंमी तुकडा लावला. पण सगळी गाणी एकाच 'ढुम्म'वर वाजतात. पाइपाचं माप चुकलं का? खोकं बाहेरून २० × ४० × २५ सेंमी आहे. (रावेर)

उत्तर : पाइपाचं माप चुकलं आहे, पण दोषी ते नाही. शेतीचा पाइप बाहेरच्या व्यासाने विकला जातो. ६३ चा पातळ पाइप आतून ६० मिमीच्या आसपास भरतो, आणि ६ किलो दाबाचा जाड घेतला तर आणखी कमी. तुम्ही हिशेबात ६.३ सेंमी धरलेत. या चुकीने ट्यूनिंग जेमतेम २ हर्ट्झ हललं असतं, कानाला कळलंही नसतं.

खरी गोम तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. २० × ४० × २५ म्हणजे २० लिटर खरे, पण बाहेरून. सहा सुती, म्हणजे १८ मिमी प्लाय सगळ्या बाजूंनी वजा केला की आत उरतात १६.४ × ३६.४ × २१.४ सेंमी, म्हणजे १२.८ लिटर. त्यातून वूफरचा मागचा भाग, पाइप आणि आधाराच्या पट्ट्या मिळून दीड लिटर जातो. हाती राहिले ११.३ लिटर. एवढ्या जागेत तुमचा पाइप ४५ नव्हे, ५७ हर्ट्झच्या आसपास वाजतो. तुमचा 'ढुम्म' तो हाच.

लांबीचा हिशेब असा, सगळी मापं सेंमीत आणि आकारमान लिटरमध्ये : २३५६२ गुणिले आतल्या व्यासाचा वर्ग, भागिले (वारंवारतेचा वर्ग गुणिले लिटर), त्यातून ०.७३ गुणिले व्यास वजा. ६० मिमीच्या पाइपाने ११.३ लिटरमध्ये ४५ हर्ट्झ गाठायला ३२ सेंमीहून लांब नळी लागेल. ती २१ सेंमी खोल खोक्यात मावणार नाही. म्हणून ५० चा पाइप घ्या. तो आतून ४.६ सेंमी भरला तर ५० हर्ट्झसाठी १४.३ सेंमी लांबी पुरते. ४५ चा हट्ट असेल तर १८.४ सेंमी लागेल, पण मग पाइपाचं आतलं तोंड मागच्या भिंतीला फार जवळ येतं. तिथे निदान एका व्यासाएवढी मोकळी जागा हवी. एल्बो लावून वळवलंत तरी चालतं, लांबी मधल्या रेषेवर मोजा. दोन्ही तोंडांच्या कडा पॉलिश पेपरने गोल करा, नाहीतर जोरात वाजवताना पाइप फुसफुसतो.

ट्यूनिंग तपासायला यंत्र लागत नाही. मोबाइलवरच्या सिग्नल जनरेटर ॲपमधून ३५ ते ७० हर्ट्झ हळूहळू फिरवा, आवाज मध्यम ठेवा. पोर्टच्या तोंडाशी उदबत्ती धरा. ज्या आकड्यावर धूर सर्वांत जास्त विस्कटतो आणि वूफरचा कोन जवळजवळ स्थिर दिसतो, ते तुमचं खरं ट्यूनिंग.

भुसावळच्या एका वाचकाने विचारलं आहे की मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ट्यूनिंग बदलतं का. बदलतं. गरम हवेत ध्वनीचा वेग वाढतो, २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर तर ४५ अंशांना ३५८. म्हणजे ४५ हर्ट्झचे ४७ होतात. त्यासाठी करवत काढायची गरज नाही.

प्रश्न : सूत्राने ३००० हर्ट्झचा क्रॉसओव्हर केला : ३.३ मायक्रोफॅरड, ०.८५ मिलिहेन्री, दोन्ही बाजूंना सारखं. वूफर ८७ डीबी, ट्विटर ९१ डीबी, दोन्ही ८ ओहम. बाईचा आवाज कानाला टोचतो. महागडे कपॅसिटर घ्यावेत का? (चाळीसगाव)

उत्तर : एक रुपयाही कपॅसिटरवर घालू नका. तुमचं सूत्र बरोबर आहे, पण ते ८ ओहमच्या रेझिस्टरसाठी लिहिलेलं आहे आणि वूफर म्हणजे रेझिस्टर नव्हे. तुमच्या पत्रातल्या आकड्यांप्रमाणे वूफरचा डीसी रेझिस्टन्स ६.२ ओहम आणि कॉइलचं इंडक्टन्स ०.५ मिलिहेन्री आहे. ३००० हर्ट्झला तो ११ ओहमहून जास्त दाखवतो. त्यामुळे फिल्टर जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही, आणि कोनचा वरचा कर्कश भाग ट्विटरच्या जोडीने ओरडत राहतो.

आधी वूफरच्या दोन टोकांना समांतर एक झोबेल लावा : रेझिस्टर डीसी रेझिस्टन्सच्या सव्वापट, म्हणजे ७.५ किंवा ८.२ ओहम, १० वॅट, आणि त्याच्याशी ओळीने ८.२ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर. आता वूफर फिल्टरला बऱ्यापैकी रेझिस्टरसारखा दिसेल.

दुसरं, ट्विटर ४ डीबीने मोठा आहे, तो खाली आणायलाच हवा. क्रॉसओव्हर आणि ट्विटर यांच्या मध्ये २.७ ओहम ओळीने आणि त्याच्या पुढे, ट्विटरला समांतर १५ ओहम लावा. याने साडेतीन डीबीच्या वर उतरतं आणि क्रॉसओव्हरला भार ८ ओहमच दिसतो. नुसता एकच रेझिस्टर ओळीने लावला तर भार वाढतो आणि क्रॉसओव्हरची जागा सरकते. ही चूक बाजारच्या तयार बोर्डांतही सर्रास दिसते.

पण एवढ्याने भागणार नाही. तुमचा पुढचा फळा २० सेंमी रुंद. साधारण ५७५ हर्ट्झच्या खालचा आवाज फळ्यावर न थांबता खोक्याच्या मागे वळतो आणि समोर कमी पोहोचतो. मोकळ्या मैदानात हा तोटा ६ डीबीपर्यंत जातो, भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरला ३ ते ४ धरा. भरून काढायला क्रॉसओव्हरमधली वूफरकडची कॉइल ०.८५ ऐवजी १.२ मिलिहेन्री करा म्हणजे वूफरचा वरचा भाग आधीपासून उतरायला लागेल. मग ट्विटरही आणखी खाली घ्या : ३.९ ओहम ओळीने, ८.२ ओहम समांतर, जवळपास ६ डीबी.

शेवटी ट्विटरच्या तारा उलट करून पाहा. या फिल्टरला कागदावर ट्विटर उलटा लागतो. पण वूफरची व्हॉइस कॉइल ट्विटरच्या दोन-तीन सेंमी मागे असते आणि ३००० हर्ट्झला एक लहरच साडेअकरा सेंमीची, त्यामुळे कागदावरचं उत्तर तुमच्या फळ्यावर खरं ठरेलच असं नाही. दोन्ही स्पीकरचे ट्विटर एकदम उलटवा, एकाचाच नको. ज्या जोडणीत गाणाऱ्याचा आवाज भरीव आणि एका जागी उभा राहतो, ती ठेवा.

प्रश्न : क्रॉसओव्हरच्या कॉइल तयार मिळत नाहीत. आमच्या गावात मोटार रिवाइंडिंगची तीन दुकानं आहेत. तिथून करून घेता येईल का? (शहादा)

उत्तर : उत्तम करून घेता येईल. पण वाइंडिंगवाल्याला 'मिलिहेन्री' सांगून उपयोग नाही, त्याला गेज, फॉर्म्याचं माप आणि वेढे सांगा. लाकडाचा किंवा जाड पुठ्ठ्याचा फॉर्मा करा : मधला दांडा ३२ मिमी व्यासाचा, दोन चकत्यांमधलं अंतर १६ मिमी. तार १८ गेज, इनॅमलची. हे ठासून सांगा, कारण विहिरीतल्या सबमर्सिबलसाठी दुकानात प्लॅस्टिक गुंडाळलेली तारही असते. ती जाड, तेवढ्या जागेत तेवढे वेढे बसत नाहीत आणि आकडा चुकतो.

०.८५ मिलिहेन्रीला साधारण १४५ वेढे, तार २२ मीटर, वजन पाव किलोच्या आत, रेझिस्टन्स ०.३ ओहमच्या आसपास. १.२ मिलिहेन्रीला त्याच फॉर्म्यावर १७० वेढे. हाताचं वाइंडिंग यंत्रासारखं घट्ट बसत नाही, म्हणून दोन्हीकडे पाच-सहा वेढे जास्त घाला आणि एलसीआर मीटर (मिलिहेन्री मोजणारं) लावून एकेक सोडा. शेवटचा एक वेढा सव्वा-दीड टक्का फरक पाडतो. ट्विटरच्या कॉइलला २० किंवा २२ गेज पुरे, मात्र वेढे वेगळे येतील, तिथेही मापूनच थांबा.

वाइंडिंग झालं की वॉर्निश पाजून घ्या, दुकानात असतंच. टोकांवरचं इनॅमल पॉलिश पेपरने तांबं लकाकेपर्यंत खरवडा. 'क्रॉसओव्हर केला पण वूफर वाजतच नाही' अशी जी पत्रं आली, त्यांत बहुतेक ठिकाणी कथिल इनॅमलवरच बसलं असणार. बसवताना मधून लोखंडी बोल्ट घालू नका, लोखंडाने कॉइलचा आकडा वाढतो. नायलॉनचा टाय लावा. दोन कॉइल शेजारी-शेजारी आडव्या ठेवू नका, एक आडवी आणि एक उभी, मध्ये वीतभर अंतर.

प्रश्न : जुन्या म्युझिक सिस्टिममधून ६ इंची दोन वूफर निघाले. नंबर पुसला गेला आहे. किती लिटरचं खोकं करू? (धुळे)

उत्तर : वूफरला विचारा. ॲम्प्लिफायर, मोबाइल, १००० ओहमचा एक रेझिस्टर आणि मिलिव्होल्ट एसी मोजणारा मल्टिमीटर एवढंच लागतं. साध्या पिवळ्या मल्टिमीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्ट असते, तो इथे निकामी.

ॲम्प्लिफायरच्या धन टोकाला रेझिस्टर, रेझिस्टरपुढे वूफर, वूफरची दुसरी तार परत ॲम्प्लिफायरला. आधी वूफरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावा आणि आवाज एवढा ठेवा की त्यावर १० मिलिव्होल्ट दिसतील. आता मीटरवरचा एक मिलिव्होल्ट म्हणजे जवळपास एक ओहम. मग वूफर लावा. तो टेबलावर पालथा घालू नका, हवेत उभा टांगा किंवा धरा, मागचं भोक मोकळं हवं.

समजा, डीसी रेझिस्टन्स ६.२ भरला आणि ५२ हर्ट्झला सर्वांत मोठा आकडा, ३७, आला. तोच अनुनाद. ३७ ला ६.२ ने भागा, ६ येतात. त्याचं वर्गमूळ २.४४. आता ६.२ ला २.४४ ने गुणा, १५.१. अनुनादाच्या अलीकडे आणि पलीकडे मीटर १५.१ कुठे दाखवतो ते पाहा. समजा, ४० आणि ६७.६ हर्ट्झ. दोघांचा गुणाकार ५२ च्या वर्गाजवळ यायला हवा. इथे २७०४ येतो, म्हणजे मोजणी नीट झाली. नाही आला तर वूफर कशाला तरी टेकला आहे.

आता क्यू, म्हणजे वूफर अनुनादावर किती गुंजत राहतो त्याचा आकडा. यांत्रिक क्यू : ५२ गुणिले २.४४, भागिले दोन टोकांतला फरक २७.६, म्हणजे ४.६. विद्युत क्यू : ४.६ भागिले (६ वजा १), म्हणजे ०.९२. दोन्ही मिळून एकूण क्यू, म्हणजे क्यूटीएस, ०.७७. आता वूफर आतून नेमक्या १५ लिटर भरणाऱ्या कुठल्याही हवाबंद खोक्यावर बसवा आणि अनुनाद पुन्हा मोजा. तो ७८ वर गेला, तर ७८ भागिले ५२ चा वर्ग २.२५, त्यातून १ वजा, गुणिले १५, म्हणजे साधारण १९ लिटर. हे त्याचं व्हास, म्हणजे वूफरच्या कोनच्या आधाराइतकी लवचीक असलेल्या हवेचं आकारमान.

या आकड्यांचा वूफर १५ लिटरच्या बंद खोक्यात १.१५ क्यूवर जातो : गाडीतल्या सबवूफरसारखा ढुमढुमणारा बास. ०.९ पर्यंत आणायला ५० लिटर लागतील. पोर्ट तर या क्यूला लावूच नका. जागा नसेल तर १५ लिटरमध्ये भरपूर फायबर घाला आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. जुन्या वूफरचा फोमचा सराउंड (कोनच्या कडेची लवचीक वळी) बोटाने दाबून बघायला मात्र विसरू नका. पीठ होऊन बोटाला लागला, तर हा सगळा हिशेब सराउंड बदलल्यावर.

थोडक्यात काही.

शिरपूरहून : लग्नाच्या डीजेचा १२ इंची वूफर स्वस्तात मिळतो आहे, घरी चालेल का? नाही. तो मैदान गाजवायला केलेला आहे, त्याचा अनुनाद बहुधा वर असतो आणि छोट्या खोक्यात खालचा बास देतच नाही.

नंदुरबारहून : घरात सातपुड्याच्या जुन्या सागाच्या फळ्या आहेत. पट्ट्या, कडा, पाय यांना वापरा. अख्खा फळा पॅनेल म्हणून नको, मे महिन्यात सुकून चीर पडते, श्रावणात फुगतो आणि हवा गळते. पॅनेल १८ मिमी प्लायचंच करा. एमडीएफ घेतलंत तर कापलेल्या कडांना प्रायमर पाजा.

चोपड्याहून : स्पीकरची तार कोणती? घराच्या वायरिंगची १.५ चौरस मिमी तांब्याची. ५ मीटरला जाऊन-येऊन ०.१२ ओहम होतो, काळजी मिटली.

प्रश्न : सगळं झालं, आता मापायचं आहे. मायक्रोफोन आणि 'आरईडब्ल्यू' हा मोफत प्रोग्राम आहे. पण खोलीतला आलेख डोंगररांगेसारखा येतो. (अमळनेर)

उत्तर : तो आलेख खोलीचा आहे. जमिनीवरून परत येणारा आवाज वेगळा काढता आला पाहिजे. स्पीकर आणि मायक्रोफोन दोन्ही जमिनीपासून १ मीटरवर, एकमेकांपासूनही १ मीटरवर असले, तर परतीचा आवाज साडेतीन मिलिसेकंद उशिरा येतो. तिथे मोजणी कापली की २८० हर्ट्झच्या खालचा आलेख विश्वासाचा राहत नाही. तेच दोघांना २ मीटर उंच केलं, तर ९ मिलिसेकंद मिळतात आणि ११० हर्ट्झपर्यंत खरं दिसतं. म्हणून गच्चीवर किंवा मोकळ्या खळ्यात शिडीवर फळी टाकून स्पीकर चढवा, मायक्रोफोन बांबूला बांधा. कठडा आणि भिंत निदान ३ मीटर दूर हवी. ११० च्या खालचं वेगळं मोजा : मायक्रोफोन कोनच्या मध्यापासून अर्धा सेंमीवर आणि आवाज हळू.

ॲम्प्लिफायर डी-क्लासचा छोटा बोर्ड असेल, टीपीए३११६ सारखा, तर एक जपा. त्याचं काळं टोक म्हणजे अर्थ नव्हे. दोन चॅनेलची काळी टोकं जोडली किंवा मोजणीसाठी लॅपटॉपच्या साउंड कार्डचा अर्थ तिथे लावला, तर चिप जाऊ शकते.

वेळ पहाटेची धरा. नऊनंतर वारा सुटला की मायक्रोफोन फुरफुरतो, आणि शेजारच्या विहिरीवरची मोटार ५० हर्ट्झवर एक खुंटी मारून ठेवते, ती तुमच्या वूफरची समजू नका.